मागच्या खुर्चीचा पट्टा

तोकुजिरो मिस्त्रीचा देवापेक्षा पान्यावर जास्त भरवसा. सकाळी उठावं, ज्वालामुखीनं रातभर शिंकरलेली राख विमानांवरून फडक्यानं पुसावी, इंजिनाला कान लावावा, मग रताळ्याची पेज प्यावी. क्यूशूच्या टोकाला, समुद्राकाठच्या त्या तळावर आठ वर्षं त्याचं हेच चाललेलं.

विमानं तरी कसली, लाकूड न् कापड. एकावर एक दोन पंख. पुढं शिकणारा, मागं शिकवणारा. रंग नारिंगी, म्हणून गावात त्यांना लाल चतुर म्हणायचे. त्या उन्हाळ्यात वरून हुकूम आला, सगळे चतुर हिरवे रंगवा. शिकवणं संपलं. आता पोटाखाली बॉम्ब बांधायचा, पोरानं एकट्यानं जायचं, आणि शत्रूच्या बोटीवर आदळायचं. गेलेल्यांची पेज मागं शिजवायची नाही.

एकतीस नंबरच्या विमानावर मिनेओ होता, तोकुजिरोच्या बहिणीचा धाकटा. थोरले दोघं समुद्रानं गिळलेले. स्टेशनावर बहीण एवढंच म्हणाली होती, "दादा, हा एक ठेव मला." आणि तोकुजिरो म्हणाला होता, "ठेवतो."

पोरगं काडीपैलवान. विमान उतरवायचं म्हणजे बेडकासारखं उड्या मारत. निशिमुता मास्तर असते तर मागून ओरडले असते, "रताळ्या, उजवा पाय झोपला का रे?" पण मास्तर नव्हते. मागच्या साली ह्याच एकतीस नंबरात, मागच्या खुर्चीत, मान मोडून गेले. माणूस असा अगडबंब की ते बसले की शेपटीचं चाक मातीत दोन बोटं रुतायचं. खुर्चीच्या पट्ट्याला सात भोकं, त्यांना सगळ्यात सैल, पहिलंच लागायचं. उतरले की पोट चोळायचे, जिभेनं टकटक करायचे आणि पेज मागायचे.

पोरगं एकटं उडणार असलं की मागचा पट्टा सातव्या भोकात आवळून ठेवायचा, नाहीतर तो विमान वळवायच्या दांड्यात अडकतो. तोकुजिरोनं आवळला. सरावाहून मिनेओ उतरला तेव्हा पट्टा पहिल्या भोकात होता.

"मागचा पट्टा तू हलवलास?"

"पुढं बसून? मामा, माझा हात आहे, माकडाची शेपटी नव्हे."

"मग विसरलो असेन मी."

मिनेओ जाईना. हातमोजे पिळत राहिला. "मामा, वर गेलं की माझा उजवा पाय आपोआप नीट बसतो. कुणी धरून बसवल्यासारखा."

दुसऱ्या दिवशी तोकुजिरोनं पट्ट्याला तार गुंडाळली. विमान उतरलं तेव्हा तार नीट वेटोळं करून खुर्चीवर ठेवलेली. सगळ्या विमानावर राख, त्या खुर्चीवर कण नाही.

शेपटीचं चाक मातीत दोन बोटं रुतलेलं.

तोकुजिरो कुणाला बोलला नाही. बोलून काय, वेडा म्हणून मिनेओचं विमान दुसऱ्या मिस्त्रीकडं गेलं असतं.

मग मिनेओची पाळी आली. पहाटे आठ विमानं रांगेत. मिनेओनं आईसाठी आपली नखं आणि केसांची पुडी पुढं केली, परत न येणाऱ्याची आठवण. तोकुजिरोनं ती घेतली नाही. तो मागच्या खुर्चीशी वाकला, पट्टा उचलला, आणि सातव्यात नव्हे, पहिल्या भोकात घातला.

"बसा मास्तर," तो हळूच म्हणाला. "परत आणा."

आठ गेली.

ऊन वर आलं तेव्हा एक परतलं. बॉम्ब नव्हता. एकतीस नंबर मातीला असं टेकलं, जसं पान पाण्यावर.

एकही उडी नाही.

तोकुजिरो धावला. मिनेओ उतरला, जड, एकेक पाय सांभाळत. पोट चोळलं. जिभेनं टकटक केलं.

"तोकुजिरो, पेज आहे का?"

'मामा' अशी हाक नाही.

तोकुजिरोनं आत पाहिलं. पुढचा पट्टा पहिल्या भोकात.

मागचा पाचव्यात. मिनेओला पाचवं लागायचं.

पट्टा कोमट होता.

युद्ध संपलं. बहीण आली, पोराला कवटाळून रडली. जाताना म्हणाली, "दादा, शब्द पाळलास. भूक मात्र केवढी वाढलीय रे ह्याची." तिच्या मागं उभा असलेला तोकुजिरोकडं बघून हसला.

विमानं जाळायचा हुकूम निघाला. तोकुजिरोनं मागचा पट्टा कापून घरी आणला, बसायच्या गादीवर पाचव्या भोकात बांधला, आणि समोर रोज पेजेची वाटी ठेवली.

दर नव्या वर्षाला पट्टा ताठ होतो, गादीत रुततो. एकोणिसाव्या वर्षी त्या पट्ट्यात अडकलेलं पोर, अंग वाढतं आहे. काचत असेल म्हणून तोकुजिरो एक भोक सैल करतो.

यंदा एकच उरलंय, पहिलं, मास्तरांचं.