आलाच दवाखाना

लाइट गेली तशी पोरं ओट्यावर येऊन बसली. महादेवरावांनी पाय पोटाशी घेतले आणि म्हणाले, ऐकीव नाही सांगत, आमच्या शकुबाईच्या सख्ख्या भाच्याचं, नागेशचं आहे.

नागेशचं वर्ध्यात गाड्यांच्या सीटा शिवायचं दुकान. बायको रक्षा वारली, तेव्हापासून घरात बोलायला एकटा गबरू. तिनंच रस्त्यावरून उचलून आणलेला कुत्रा. गाडीत झोपायचं, गाडीतच रांधायचं आणि मन भरेपर्यंत फिरायचं, हे वेडही तिचंच. ती गेल्यावर नागेशनं भंगारात निघालेली एक अँब्युलन्स घेतली. आत पलंग ठोकला, शेगडी बसवली, फुलाफुलांचे पडदे लावले.

गेल्या मार्गशीर्षातली अवस. शुक्रवार. आष्टीला बहिणीकडे, कांताकडे, शिवणयंत्र पोचवायचं होतं. दिवस मोठा छान गेला. खरांगण्याच्या पुढं सागाचं रान लागलं, तेव्हा गबरू खिडकीतून तोंड काढून वारा पीत होता. नागेश कितीतरी दिवसांनी हसला. कांतानं राहायचा आग्रह केला, पण त्याला जवळच्या धरणाच्या पाण्याशी झोपायचं होतं. सकाळी पाखरं पाहायची होती.

पाण्याकाठी दोघं जेवले. मग नागेश आत शिरला आणि गबरूला हाक मारली.

तो येईना. शेपूट पोटाशी घालून पायरीशी उभा. नजर पलंगावर. पलंग तर रिकामाच होता.

बिबट्याचा वास आला असेल, असं नागेशला वाटलं. परत कांताकडे जावं म्हणून त्यानं गबरूला उचललं, मागं ठेवलं, दार लावलं आणि गाडी काढली.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. गबरूचं कण्हणं एकाएकी थांबलं.

"भाऊ... दवाखाना किती दूर हाये?"

आवाज मागून आला. बाईचा, थकलेला. क्षणभर त्याला वेडी आशा वाटली... पण तो रक्षाचा नव्हता.

आरशात पाहिलं. गबरू पलंगावर चढला होता. डोकं टेकून पडला होता, कुणी थोपटावं तसा.

नागेशच्या तोंडून कसंबसं निघालं, "आलाच, बाई."

एक मैलाचा दगड मागं पडला. नुसतं इंजिन.

"सगळे आलाचच म्हन्तात."

त्यानं गाडी दामटली. मागं वळायची छाती होईना.

"एकटीले भेव लागते, भाऊ... याले येऊ दे ना माह्या संग."

नाही म्हणायचं होतं. जीव तोडून म्हणायचं होतं. जीभ हलेना.

मागून पुन्हा आवाज आला नाही.

आष्टीत सरकारी दवाखान्याचा दिवा दिसला. फाटकाशी त्यानं ब्रेक दाबला आणि तसाच बसून राहिला... शेवटी तिथल्या चौकीदारानंच मागचं दार उघडलं.

गबरू पलंगावर होता. अंग थंड पडलं होतं.

नागेशनं त्याला मांडीवर घेतलं. हाका मारल्या. चौकीदारानं बॅटरी जवळ आणली, तेव्हा पुढचा पाय दिसला. एवढ्याशा जागेवरचे केस नीट कातरलेले. वर कापसाचा बोळा, त्यावर चिकटपट्टी. सलाईनची सुई काढल्यावर माणसाला लावतात तशी.

कापूस अजून ओला होता.