मागच्या दारानं येणारा

विश्वास ठेवायचा तर ठेवा. हे माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात घडलंय, आणि सांगताना ती मान वर करत नाही. रचून सांगणारं माणूस असं करत नाही.

शहराच्या गर्दीला कंटाळून मावशी आणि काका तळ्याकाठचं एक बैठं घर बघायला गेले. विकणारी आजी एकटीच होती. तिचा नवरा पोहायला तळ्यात उतरला तो परत आलाच नाही, एवढं एजंटनं आधीच कानावर घातलं होतं.

आजीची अट एकच.

"मागचं दार संध्याकाळी उघडं ठेवा. हे तिकडूनच येतात."

काकांनी मावशीला हळूच डोळा मारला. मावशीनं आजीचा हात हातात घेतला.

"शब्द देते, आजी."

आजीला रडूच आलं. दुसऱ्या गिऱ्हाइकाला नकार देऊन तिनं घर यांना दिलं.

काकांचा धंदा काचेच्या खिडक्या बसवायचा. भिंत दिसली की त्यांचे हात शिवशिवतात. राहायला येण्याआधीच त्यांनी मागचं दार चौकटीसकट काढलं आणि तिथे वरपासून खालपर्यंत अखंड काच बसवली. बिजागरी नाही, कडी नाही. सोफ्यावर बसून अख्खं तळं दिसायचं. आजींना काय सांगायचं, असं मावशीनं विचारलं खरं, पण विचारायचं म्हणून. तिलाही ती काच आवडली होती.

पहिल्याच संध्याकाळी काका उरलेलं सामान आणायला गेले होते. मावशी खोकी उघडत होती. अजून उजेड होता.

बाहेरचे बेडूक एकदम गप्प झाले...

मागच्या पायऱ्यांवर पावलं वाजली. ओली.

मग पायपुसण्यावर पाय पुसल्याचा आवाज... पायपुसणं तर तिथे नव्हतंच.

मावशीनं पाहिलं. काचेपलीकडे कोणीच नव्हतं.

पण काचेवर... एक ओला तळवा उमटला. पूर्वी कडी होती, नेमका त्याच उंचीवर. शेजारी दुसरा उमटला. तळवे चाचपडत खाली आले, पुन्हा वर गेले.



बाहेर कोणीतरी खाकरलं. अगदी अदबीनं.

"माफ करा हं. घर चुकलं वाटतं माझं."

पावलं तळ्याकडे गेली. पाणी वाजलं.

मावशी म्हणते, भीती नंतर वाटली. आधी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकांनी चेष्टा केली नाही. ठसे बघितले आणि दुसऱ्याच दिवशी काच काढून दार बसवलं. ते रोज संध्याकाळी सताड उघडं असतं.

कोणीच येत नाही.

तो माणूस आता कुठे जात असेल, या विचारानं माझ्याही अंगावर काटा येतो.

काही दिवसांनी आजीचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर तिनं हळूच विचारलं, "हे येतात ना गं वेळेवर?"

मावशी उघड्या दाराकडे बघत राहिली.

"येतात, आजी."

आजी आता रोज फोन करते. मावशी रोज तेच सांगते. तेवढा वेळ काका उठून दुसऱ्या खोलीत जातात.