सहावं पान

खोटं वाटलं तर वाटू द्या. पण हे घडलंय... सोलापुरात, भवानी पेठेत, गेल्या माघात. आणि रात्री नाही. भरदुपारी.

ऋतुजा माझी मावसबहीण. तिच्या थोरल्या भावाचं, इंद्रजीतचं, दुसरं लग्न जमवायचं चाललं होतं. पहिली बायको रुद्राणी दिवाळीआधी तापानं गेली.

‘अल्पशा आजाराने’ असं बायोडेटात लिहिलं होतं.

अल्पसा कसला...

आतल्या खोलीत झुरत पडली होती ती. घसा बसला, हाक फुटेना, तशी पाण्यासाठी स्टीलचा पेला भिंतीवर वाजवायची. टक... टक. तिची सासू, माझी सोजरमावशी, म्हणायची, “नाटकं हायेत.” इंद्रजीत टीव्हीचा आवाज वाढवायचा. आणि ऋतुजा आईला भिऊन गप्प.

त्या दुपारी सुट्टीमुळं गल्लीतले माग बंद होते. श्रीपूरच्या स्थळानं फोटो, पत्रिका सगळं एकाच पीडीएफमध्ये मागवलं होतं. ऋतुजा मोबाईल घेऊन बसली.

“रुद्राणी कुटं दिसता कामा न्हाय,” मावशीनं बजावलं. “काप तिला.”

ऋतुजानं कापलं. बायोडेटा, पत्रिका, भावाचे तीन फोटो. पाच चित्रं. फुकटच्या एका साईटवर चढवली, बटण दाबलं. चक्र फिरू लागलं.

फिरता फिरता डोक्यावरचा पंखा थांबला...

लाईट गेली नव्हती. फ्रिज घुमत होता.

टक...

तिनं मान वर केली. आतल्या खोलीला बाहेरून कडी. आत नुसती गाद्यांची चवड.

टक... टक.

पीडीएफ उघडलं. पानं सहा.

सहावं पान पांढरंफटक. कफनासारखं.

तिनं पुसून पुन्हा केलं. पुन्हा सहा.

“आई, इकडं ये की!”

मावशीनं चष्मा लावून बघितलं. “पाचच हायेत की गं! पंधरा वर्सं शिकलीस, पाचपत्तोर मोजता येईना व्हय? पाठव.”

ऋतुजानं बघितलं. खरंच पाच.

तिनं पाठवलं.

दिवेलागणीला फोन आला. मुलीची आत्या, तानाबाई. बाई चक्क रडत होती.

“पोरी, ते शेवटचं पान बघून आमचं घरदार रडलं बघ. आजारी बायकूचं डोकं मांडीवर घिऊन पाणी पाजतोय गं... सोताच्या हातानं! आसा नवरा कुटं मिळतो? आमची पोरगी, संस्कृती, तर लगीच व्हय म्हणली.”



असा फोटो नव्हता.

फोटो काढावा असं त्या घरात काही घडलंच नव्हतं. एकदासुद्धा.

“लई मायेनं काढलाय. कुणी काढला गं?”

हीच ती वेळ होती. एक खरा शब्द, आणि कुणाची तरी लेक वाचली असती. समोर मावशी उभी... डोळे रोखून.

“मी,” ऋतुजा म्हणाली.

त्या क्षणापासून आतली भिंत मुकी झाली. पुन्हा कधी वाजली नाही. ऋतुजाला भीती वाटते ती त्याचीच... जे हवं होतं, ते मिळाल्यासारखी ती गप्प झाली.

लग्न झालं. रीतीप्रमाणं संस्कृतीनं सवतीचा टाक, मेलेल्या पहिलीची चांदीवर कोरलेली प्रतिमा, गळ्यात घातला. घरात हसली, वावरली.

परवा तिला ताप भरला.

इंद्रजीत कारखान्यावरून आला. जेवला. झोपला.

ऋतुजा मुगाचं कढण घेऊन आत गेली, तर पोरगी मोबाईल छातीशी धरून पडलेली. डोळे लालबुंद. तिनं स्क्रीन ऋतुजाकडं वळवली.

ऋतुजाला दिसलं ते कोरं, पांढरं पान.

संस्कृती मात्र त्यावरून बोट फिरवत होती, गालावरून फिरवावं तसं...

“वन्सं,” ती म्हणाली, “हे तिच्यापाशी कसे बसलेत बघा. माझ्यापाशी कवा येतील ओ?”