एरोग्राममधला फोटो

"बाई, याच्यात फोटो आहे. चालत नाही."

मुलुंडच्या पोस्टात खिडकीपलीकडच्या माणसानं माझं निळं एरोग्राम अंगठ्यानं चाचपलं आणि परत सरकवलं. मला अस्सा राग आला! माझ्या नववी 'ब'ची जोडी नॉर्वेतल्या एका शाळेशी लागली होती. दर महिन्याला एक प्रश्न, दोन्हीकडच्या मुलांनी उत्तरं लिहायची. या वेळचा होता, 'तुमच्या गावाचा कचरा कुठे जातो?' पोरांनी डंपिंग ग्राउंडचा फोटो कुठूनसा मिळवला होता, आणि हा मला नियम सांगत होता. एरोग्राम म्हणजे परदेशी जाणारं घडीचं नुसतं पत्र, त्यात काही घालायचं नसतं म्हणे. भूगोलाची बाई मी, मला कुठलं ठाऊक!

मग त्यानंच पाकीट दिलं, वजन केलं, तिकिटं लावली. नाव कुंडलिक. डोळे मात्र... असो.

पुढच्या वेळी मी काही बोलायच्या आत त्यानं विचारलं, काय उत्तर आलं? म्हटलं, तिकडे कचरा जाळून घरं गरम करतात. तो विचार करून म्हणाला, आपली घरं आधीच गरम आहेत. मला हसू आवरेना. त्यानंतर मुलांची पत्रं मी एका खेपेत टाकायची सोडून तीन खेपांत टाकू लागले. आता कशाला लपवू? तो मला आवडला होता.

जानेवारीत नॉर्वेचा प्रश्न आला, 'तुमच्याकडे लग्न कोण ठरवतं?' वर्ग खिदळला. सुगंधा उभी राहिली. "बाई, तुमचं कोण ठरवणार?"

मी खडू उचलून फळ्याकडे वळले. कारण पर्समध्ये आईनं दिलेलं पाकीट होतं, त्यात कणकवलीच्या स्थळासाठी काढलेला माझा स्टुडिओतला फोटो. सकाळीच ती बजावून गेली होती, आजच धाडूक व्हयो.

मधल्या सुट्टीत मी ते पाकीट फोडलं.

शाळा सुटल्यावर खिडकीत एक एरोग्राम ठेवलं. कुंडलिकनं अंगठा फिरवला आणि सुस्कारा टाकला.

"बाई, पुन्हा फोटो?"

"पत्ता तरी वाच," मी म्हणाले. पहिल्यांदाच 'तू'.

पत्त्यावर त्याचंच नाव होतं. त्यानं हळूच घडी उघडली. माझ्या फोटोसोबत एकच ओळ होती — 'आमच्याकडे लग्न मी ठरवते. तुला चालेल?'

रांगेतले आजोबा खाकरले. कुंडलिक फोटोकडे बघतच राहिला.

"एरोग्रामात फोटो... चालत नाही," तो म्हणाला.

मी फोटो परत घ्यायला हात पुढे केला.

त्यानं फोटो शर्टाच्या खिशात ठेवला, वरचं बटण लावलं. "म्हणून हा आता माझ्याकडेच राहणार. रविवारी घरी येतो. आईला सांगून ठेव."

मी मान डोलावली आणि तरंगतच घरी आले. मुलांच्या उत्तरांचं नॉर्वेला जाणारं पाकीट तसंच पर्समध्ये राहिलं होतं. ते टाकायला दुसऱ्या दिवशी पुन्हा जावंच लागलं.