फाटकावरची बैलजोडी

संगमनेरहून प्रवरेच्या काठाकाठानं निघालं की आप्पासाहेबांचा नवा बंगला लागायचा. एकाहत्तर सालच्या दिवाळीआधी त्याचं काम उरकत आलं होतं. आप्पासाहेब कुठल्याशा संस्थानिकाकडे जाऊन आले होते, आणि तिथल्या दारावरचं राजचिन्ह त्यांच्या मनातून जात नव्हतं.

"आपल्या घराण्याला पन तसं कायतरी पायजे," ते धाकट्या भावाला, रंगनाथला म्हणाले.

संगमनेरच्या शाळेतले चित्रकलेचे शरच्चंद्र मास्तर आले. ओट्यावर कागद पसरून त्यांनी आधी ढाल आखली. घराणं कशावर उभं राहिलं, असं विचारलं. रंगनाथनं विहिरीचं सांगितलं. बाप गेल्यावर दोघा भावांनी सुरुंग लावून, पाठीवर दगड वाहून ती खोदली होती. मग ढालीच्या मधोमध विहीर आली, वर सूर्य, खाली उसाची मोळी आणि विहिरीशी एका जुवाखाली मोट ओढणारे दोन बैल.

"बैलजोडी निवडणुकीची निशाणी वाटेल," मास्तर म्हणाले.

"वाटू द्या. आमची जोडी लई जुनी हाय." आप्पासाहेबांनी रंगनाथच्या खांद्यावर हात ठेवला. "पांढरा मी, तांबडा ह्यो."

गवंड्यानं ते चित्र सिमेंटमध्ये उठवून, रंगवून फाटकाच्या कमानीवर बसवलं. खाली पट्टीत अक्षरं कोरली : एका जुवाखाली. रंगनाथ मळ्यातल्या घरात राहायचा, पण येता-जाता फाटकाशी सायकल थांबवून वर बघायचा. कुणीतरी आपल्याला थोरल्याच्या बरोबरीनं असं उघड्यावर मांडलेलं त्यानं पहिल्यांदाच पाहिलं होतं.

संक्रांतीनंतर आप्पासाहेब त्याला तालुक्याला घेऊन गेले. "सीलिंगचा कायदा कडक हुनार. तुझ्या नावची जमीन तूर्त माझ्या पोराच्या नावावर करू. कागदापुरतं." रंगनाथनं सही केली. भावानं पुढं केलेला कागद वाचायचा असतो, हे त्याच्या मनातही आलं नाही.

त्याच आठवड्यात त्याला तांबडा बैल फिका दिसला. उन्हानं रंग उडाला असेल, असं तो समजला. पण पांढऱ्याचा रंग तर कालच दिल्यासारखा होता. पुढं तांबड्याचे डोळे मिटल्यासारखे झाले. मग मानेची कड बुजली. होळीच्या सुमाराला जू एका बाजूला कललं होतं, आणि कललेल्या टोकाखाली नुसती मान असल्याचा भास होता.

"आप्पा, कमानीचं काम करवलं का?"

आप्पासाहेब पेपर वाचत होते. "न्हाई. का?"

"माझा बैल पुसत चाललाय."

आप्पासाहेबांनी पेपर खाली केला, त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा वर धरला.

उन्हाळ्यात विहिरीवर नवं इंजिन बसलं. रंगनाथ पाणी धरायला गेला, तर त्याच्याच हाताखाली वीस वर्षं राबलेला गहिनीनाथ आडवा आला.

"पावनं, इकडं कुनीकडं? मालकाला इचारल्याबिगर पानी धरता यायचं न्हाई."

"गहिन्या, मस्करी करतोस व्हय?"

गहिनीनाथ मस्करी करत नव्हता. त्याच्या तोंडावर ओळखीची एक रेघ नव्हती.

रंगनाथचं डोकं भणाणलं. जमीन नेली ती नेली, गडीसुद्धा फोडला! तो तसाच फाटकाशी आला. शिडी लावून कमानीवर चढला.

पांढरा बैल एकटाच मोट ओढत होता.

तांबड्याच्या जागी सपाट सिमेंट होतं. त्यानं बोटं फिरवली. छिन्नीचा ओरखडा नाही, नवा गिलावा नाही. बैलाचं डोकं असायचं नेमक्या त्या जागी कुंभारीण माशीचं मातीचं घरटं होतं. वाळून तडकलेलं, केव्हाचंच रिकामं. पट्टीवर अक्षरं होती : एकाच्या बळावर.

आप्पासाहेब बाहेर आले. "कोन तुमी? खाली उतरा."

"आप्पा!"

"उतरा म्हनतो ना."

आवाजात राग नव्हता. चोर पकडल्याचा धाकही नव्हता. नुसतं नवल होतं, आणि रंगनाथला तेच सहन झालं नाही.

त्यानं सायकल मारली ती थेट संगमनेर. शरच्चंद्र मास्तरांनी पेटीतून मूळ चित्र काढलं. कागद कडांना पिवळा पडला होता. एकच बैल.

"मी एकच काढला होता," मास्तर म्हणाले. "आप्पासाहेब एकुलते एक ना. आपण त्यांचे कोण?"

मास्तरही विकले गेले! परतीच्या वाटेवर रंगनाथ एकेकाला शिव्या घालत होता. शिव्या होत्या तोवर त्याला बरं वाटत होतं. कारस्थान असलं तर त्याला तोंड देता येतं. कोर्ट आहे, पंच आहेत. आणि काही झालं तरी राहीबाई आहे. लग्नाची बायको कुणाला फोडता येत नाही.

ऊन उतरत होतं तेव्हा तो मळ्यात पोचला. राहीबाई अंगणात कुरडया उचलत होती. पाठमोरी.

"राही," त्यानं हाक मारली. "आप्पानं दगा दिला गं."

ती दचकून वळली. झटक्यानं पदर डोईवर ओढून दाराआड गेली.

"घरात पुरुष मानूस न्हाई, दादा. काय काम आसंल तर बंगल्यावर जावा."

"राही, मी हाय."

ती दाराच्या फटीतून पाहत राहिली. घाबरलेली, पण अदबीनं. वाऱ्यानं तिचा पदर थोडा सरकला.

तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं. पुसल्याचा डागही नव्हता. सगळ्या कपाळाचा रंग उन्हानं एकसारखा रापलेला होता.