मागे काहीच जोडलेलं नव्हतं

बसा. इथे शेगडीजवळ बसा, बाकी सगळं गॅरेज गारठलंय. कॉफी कडू लागेल, सकाळची आहे.

तर तुम्हाला जुना डिझेल पिकअप घ्यायचाय, जड ट्रेलर ओढायला, आणि मी बरोबर येऊन तो बघावा असं तुमचं म्हणणं. येईन की. चाळीस वर्षं हेच करतोय. डकोटाच्या या पश्चिम टोकाला ज्याच्या दारात गुरं आहेत, घोडे आहेत, त्याच्या ट्रकखाली मी कधी ना कधी आडवा पडलेलो आहे. फक्त एक सांगून ठेवतो. तिथे पोचल्यावर सगळ्यात आधी मी इंजिनाला हात लावून बघणार. इंजिन गरम लागलं तर मी तिथूनच मागे फिरणार. मग तुम्ही चिडा, नाहीतर हसा.

एरवी यामागचं कारण सरळ असतं. डिझेलचं खरं दुखणं थंडीत पहिल्यांदा चालू करताना कळतं, म्हणून लबाड माणूस गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी तापवून ठेवतो. पण माझं कारण ते नाही.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. माझी धाकटी बहीण मार्लिस लोकांचे घोडे भाड्याने पोचवते. नवरा वारल्यापासून त्यावरच तिचं घर चालतं. आठ घोड्यांचा ट्रेलर, भरला की सात टनांच्या वर जातो. त्या आठवड्यात तिच्या ट्रकचा गिअरबॉक्स गेला, आणि शनिवारी एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या आठ घोड्या विक्रीला न्यायच्या होत्या. ते काम हुकलं असतं तर ते गिऱ्हाईक कायमचं गेलं असतं, आणि त्याच्या मागोमाग आणखी चार.

पेंडीच्या दुकानातल्या फळ्यावर तिला एक चिठ्ठी दिसली. ‘डिझेल पिकअप. एकच मालक. ट्रेलर ओढलेला.’ खाली फोन नंबरच्या पट्ट्या कापलेल्या होत्या, कोणी पाहिजे त्याने फाडून न्याव्यात म्हणून. कागद पिवळा पडला होता, आणि एकही पट्टी कोणी नेलेली नव्हती.

बुधवारी दुपारी जेवून आम्ही निघालो. वर आभाळ स्वच्छ निळं होतं आणि खाली जमिनीलगत वाऱ्याने बर्फ पळत होता. तुम्ही इथलेच, तुम्हाला माहीत आहे ते. कमरेइतकी पांढरी नदी वाहत असल्यासारखं दिसतं, रस्ता असतो पण दिसत नाही. डांबरी सोडून अकरा मैल आत गेल्यावर इव्हर रुस्ताद नावाच्या म्हाताऱ्याचं घर लागलं. ऐंशीच्या पुढचा, उंच, वाकलेला माणूस. कानाला यंत्र.

ट्रक गोठ्याच्या आडोशाला उभा होता. चारही चाकांभोवती बर्फ साचून घट्ट झाला होता. त्याच्यावर एक पाऊलखूण नव्हती.

“किती दिवस उभा आहे, काका?” मी विचारलं.

“हिवाळ्याच्या आधीपासून. बॅटरी काढून घरात ठेवलीय. थांबा, आणतो.”

तो घरात गेला. मी बॉनेट उघडलं, हातमोजा काढला आणि सवयीने इंजिनावर हात टेकवला. तो लगेच मागे घेतला.

गरम होतं. कोमट नाही, गरम. दूरवरून ओझं ओढून आलेलं इंजिन असतं तसं. आणि बॅटरीच्या जागी नुसत्या दोन वायरी लोंबकळत होत्या.

“मार्लिस, जरा इकडे ये.”

तिने हात लावला. माझ्याकडे बघितलं. मग हसली. “ऊन लागलं असेल, दादा.”

“शून्याखाली वीस आहे, बाई. आणि हा सावलीत उभा आहे.”

“मग म्हातारा लबाड आहे. दुसरी बॅटरी लावून तापवला असेल. तू बघ तर खरं. नुसता हात लावून घरी परतलास तर शनिवारी ट्रेलर काय तू खांद्यावर घेऊन जाणार आहेस?”

तेव्हाच निघायला हवं होतं. पण तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं मला दिसत होती. मी कामाला लागलो. आणि खोटं कशाला सांगू, गाडी सुरेख होती. ऑइल स्वच्छ. चासीला कुठे गंज नाही, कुठे वेल्डिंगचा डाग नाही. मागच्या हौद्यात ट्रेलर अडकवायचा लोखंडी गोळा होता, तो मात्र चकचकीत. रोज वापरात असलेल्या गोळ्यावर असते तशी झिलई. त्यावर ग्रीसचा ओला डाग होता.

म्हाताऱ्याने बॅटरी आणून दिली. मी ती जोडली आणि फावड्याने चाकं मोकळी केली. गाडी अर्ध्या किल्लीत चालू झाली.

“चालवून बघा,” तो म्हणाला. “पण पुलापर्यंत जाऊ नका. अलीकडे टपालपेट्यांपाशी वळायला जागा आहे. तिथून परत या.”

“पूल खराब आहे का?”

“नाही,” तो म्हणाला. “वळून परत या.”

मार्लिस चालवायला बसली, मी शेजारी. पहिला मैल छान गेला. ती स्टिअरिंगवर थोपटत होती, घोड्याच्या मानेवर थोपटावं तसं. मग सपाट रस्त्यावर इंजिनाचा आवाज हळूहळू खाली बसला. गाडीला दम लागायला लागला.

“हँडब्रेक लागलाय का, दादा?”

“नाही.”

“मग ओढत का नाही ही? भरला ट्रेलर मागे असल्यासारखी वाटतेय.”

मी आरशात पाहिलं. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला असतात तसे ते लांब हातांचे आरसे. दोन्हींत नुसता पळणारा बर्फ. पण तो बर्फ नीट वाहत नव्हता. आमच्या मागे एका जागी तो दुभंगून दोन्ही बाजूंनी जात होता, मध्ये काहीतरी लांबट आडवं असल्यासारखा. ती मोकळी जागा आमच्याबरोबरच पुढे येत होती.

नंतर वास आला. हीटर लावलेला होता, आणि त्यातून घोड्यांचा वास यायला लागला… घामेजलेल्या, घाबरलेल्या घोड्यांचा. तिला तो माझ्याआधी कळला असणार. तिचे हात स्टिअरिंगवर आवळले गेले होते.

“वळ,” मी म्हणालो. “आता वळ कुठेतरी.”

“टपालपेट्या दिसल्याच नाहीत, दादा… गेल्या वाटतं मागे.”

आणि उतार लागला. खाली नदी, नदीवरचा अरुंद पूल. एवढा वेळ मागे खेचली जाणारी गाडी आता पुढे ढकलली जायला लागली. मार्लिसने ब्रेकवर पाय दिला. गाडी मंदावली नाही. तिने दोन्ही पाय दिले. मागून कोणीतरी खांदा लावून रेटत असल्यासारखे आम्ही घसरत होतो, आणि ते जे रेटत होतं ते आता थोडं तिरकं व्हायला लागलं होतं. मागची बाजू डावीकडे सरकली.

तेवढ्यात आवाज आला. ठक, ठक, ठक. पत्र्यावर, आमच्या पाठीमागून. खुरांचा आवाज आम्हा दोघांनाही माहीत आहे. तो खुरांचा नव्हता. मूठ होती ती. माणसाची.

“दादा… मागे कोणीतरी…”

“पुढे बघ!”

पुन्हा तीनदा. या वेळी घाईने. माझी नजर खाली गेली. तुम्हाला माहीत आहे ना, डॅशबोर्डखाली ट्रेलरच्या ब्रेकची एक छोटी डबी असते? ट्रेलर जोडून वायर लावली तरच तिच्यावर हिरवा दिवा लागतो. त्या डबीवरचा दट्ट्या दाबला की फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात.

दिवा लागलेला होता.

विचार करायला वेळ नव्हता. हात आपोआप गेला. आधी हलका, मग पूर्ण दाबला. आणि आमच्या मागे, पंचवीस-तीस फूट मागे, चाकं करकरली. आमची नव्हे. गाडीला मागून हिसका बसला, ती सरळ झाली, हळू झाली, आणि पुलाच्या कठड्यापासून हाताच्या अंतरावर उभी राहिली.

सगळं शांत झालं. खाली गोठलेली नदी. मी दट्ट्यावरचा हात काढू शकत नव्हतो. मागे पत्र्याच्या आत काहीतरी वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर घेत होतं. कोणीतरी धापा टाकत होतं.

आणि मार्लिस दार उघडून खाली उतरली.

“कुठे चाललीस? मार्लिस! आत बस!”

तिने ऐकलं नाही. मला उतरायला हवं होतं. साठ वर्षांचा माणूस मी, सैन्यात राहून आलेला… माझे पाय हलले नाहीत. आरशात मला ती दिसत होती. कमरेपर्यंतच्या त्या पांढऱ्या धुरात ती चालत मागे गेली, एका ठिकाणी थांबली, आणि हवेत हात वर केला. मग लोखंडी कडी सरकल्याचा आवाज आला. स्पष्ट. जड दार उघडतं तसा बिजागरीचा आवाज. तिचे ओठ हलत होते. ती कोणाशी तरी बोलत होती.

ती परत येऊन बसली तेव्हा डबीवरचा दिवा विझला होता.

“कोण होतं?” मी विचारलं.

“कोणी नाही, दादा.” अगदी शांतपणे म्हणाली. तिच्या उजव्या हातात मोजा नव्हता, आणि तळव्यावरची कातडी एका सरळ पट्टीत सोलून निघाली होती. गोठलेल्या लोखंडाला उघडा हात चिकटला की निघते तशी.

परत येताना गाडी पिसासारखी हलकी चालली. म्हातारा इव्हर अंगणातच उभा होता, वाऱ्यात, टोपीशिवाय. आमच्याकडे न बघता तो आमच्या मागच्या रिकाम्या जागेकडे बघत होता.

“पुलावर गेलात,” तो म्हणाला.

“अलीकडे थांबलो.”

“थांबलात?” त्याने कानातलं यंत्र चाचपलं. “त्याने ठोकल्यावर… थांबलात?”

मी मान हलवली. तो तिथेच, बर्फात, पायरीवर बसला. मग त्याने सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी तो सहा घोडे घेऊन याच रस्त्याने जात होता. एक घोडी बिथरलेली होती, म्हणून त्याचा धाकटा भाऊ आल्विन ट्रेलरमध्ये तिच्याजवळ बसला होता. तसं माणसाला बसवायचं नसतं, पण चारच मैल तर जायचं, म्हणून बसला. काही लागलं तर पत्र्यावर तीनदा ठोकायचं, असं ठरलं होतं.

“त्याने ठोकलं,” म्हातारा म्हणाला. “मला ऐकू आलं. मला वाटलं, पूल ओलांडू, मग थांबू. समोर तर होता पूल… ट्रेलर सुटून खाली गेला. मी आणि हा ट्रक वर राहिलो. आता माझे कान गेलेत. यंत्र काढलं तर तुम्ही ओरडलात तरी कळत नाही. पण ते ठोकणं मला घरात बसून ऐकू येतं.”

तो डोळे पुसत म्हणाला, ट्रक घेऊन जा, पैसे नकोत. मी किल्ली त्याच्या मांडीवर ठेवली आणि मार्लिसला दंडाला धरून आमच्या गाडीत बसवलं.

दुसऱ्या दिवशी शहरात जाऊन आम्ही दुसरा पिकअप घेतला. दुकानातला, कागदपत्रं चोख असलेला. इंजिन बर्फासारखं गार होतं. मी तो तीन तास तपासला, नट न् नट. काहीही वावगं नाही. शनिवारी तिने आठ घोड्या वेळेवर पोचवल्या, आणि तेव्हापासून तिचं काम असं चाललंय की विचारू नका. लोक म्हणतात, तिच्या ट्रेलरमध्ये घोडे कधी बिथरत नाहीत. गडगडाट होवो, गारा पडोत, गाईसारखे उभे राहतात.

गेल्या महिन्यात ती इथे ऑइल बदलायला आली होती. खूश दिसली. मी म्हटलं, पुढच्या खेपेला मीही येतो सोबत, लांबचा रस्ता आहे, एकटीने कशाला जातेस. ती गाडीच्या खिडकीत कोपर टेकून बसली होती. आधी तिने शेजारच्या सीटकडे पाहिलं, कोणाला विचारावं तसं, आणि क्षणभर थांबली. सीट रिकामी होती. पट्टा मात्र लावलेला होता.

मग माझ्याकडे वळून, जरा ओशाळून म्हणाली,

“जागा नाही रे, दादा.”