मुठीवरची गाठ

ही गोष्ट खरी आहे. सांजवात लावून बसले आहे, खोटं लिहवणार नाही.

लाबो गावात, समुद्राकाठी, माझ्या शेजारी त्यार्क ब्रून राहतो. त्याच्या घरात घडलेली.

१९७९चा नोव्हेंबर. मृतांचा रविवार. लोक कबरींवर दिवे ठेवून परतले होते. दुपारीच असं धुकं दाटलं की समोरचा बोटींचा धक्का दिसेना...

त्यार्कला जर्मन कैसरच्या काळातले नौदल अधिकाऱ्यांचे खंजीर जमवायचा नाद. आदल्याच दिवशी म्हाताऱ्या ओटिलीबाईंनी आपल्या भावाचा खंजीर त्याला दिला होता. भाऊ पहिल्या महायुद्धात पाणबुडीवर गेला. खंजीर घरी राहिला. भाऊ आला नाही.

मुठीभोवती चंदेरी दोरीची गाठ होती.

"तो निघाला तेव्हा आईनं बांधलीय," बाई म्हणाल्या होत्या. "तेवढी सोडू नकोस हं, बाळा."

त्यार्कनं शब्द दिला.

त्या दुपारी राइमरचा फोन आला. तोही खंजीरवालाच.

"गाठीखालची मूठ बघितलीस?"

"नाही. शब्द दिलाय."

"अरे भल्या माणसा, तडा गाठीखालीच लपलेला असतो. म्हातारीनं कॉफी पाजली आणि तू विरघळलास होय?"

त्यार्कला ते लागलं. त्यानं फोन ठेवला आणि गाठ सोडली.

तडा नव्हता.

पण इतकी वर्षं कपाटात राहिलेली ती दोरी... ओली होती.

टेबलावर थेंब पडले. खाऱ्या पाण्याचा वास आला. मग डिझेलचा.

आणि बाहेर, धुक्यातून...

"आई..."

स्वयंपाकघरात त्याची बायको गेशे कप मांडत होती. या दोघांना मूल नाही. कधी झालंच नाही.

"आले रे," गेशे म्हणाली. अगदी सहज.

दार उघडल्याचा आवाज झाला.

"गेशे?"

तो उठून दाराशी गेला.

तिचे बूट दाराशीच होते. ती नव्हती.

त्यार्क धक्क्याकडे धावला. गेशे कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. उजवा हात पुढे केलेला. त्यानं तिला मागून कवेत धरलं, ओढलं...

पलीकडूनही कुणीतरी ओढत होतं.

"सोड ना मला," ती हळूच म्हणाली. "किती गारठलाय तो."

त्यार्कनं सोडलं नाही. जिवाच्या आकांतानं धरून राहिला.

एकाएकी पलीकडची ओढ थांबली.

तिला ब्लँकेटात गुंडाळून त्यानं घरी आणलं. खंजीर टेबलावरच होता.

गाठ बांधलेली होती. घट्ट.

दोरीच्या वेढ्यांत काहीतरी चमकत होतं... गेशेच्या उजव्या हातातली लग्नाची अंगठी.

राइमर म्हणतो, गाठ सोड आणि अंगठी काढून घे. त्यार्क हात लावत नाही.

गेशे आता बरी आहे. हसते, बोलते. रोज संध्याकाळी दोघं किनाऱ्यावर फिरायला जातात. ती उजवा हात अंगापासून जरा दूर धरून चालते...

त्यार्क त्या बाजूनं कधीच चालत नाही.